लाल पाकळ्यांचा जोड

जमनाक्कांनी मला तीन वर्षांत साधी एक टिकलीसुद्धा दिली नाही. मी मागितली नव्हती असं नाही. एकदा भाचीच्या वाढदिवसासाठी कागदी मोर करत होते आणि पिसाऱ्याच्या डोळ्यांना हवी तशी हिरवी चमचमती चांदी, म्हणजे चॉकलेटच्या आतला कागद, मला कुठे मिळेना. ती जमनाक्कांकडे आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. भिंतीला भिंत लागून घर, म्हणून गेले मागायला.

"आहे की," त्या म्हणाल्या. "पण ती ठेवलीय."

"कशासाठी, अक्का?"

"तें अजून ठरलं नाही."

झालं. माझा मोर आंधळाच राहिला.

माझ्या नवऱ्याची बँकेतून तंजावरला बदली झाली, ते दिवस गच्च्यांवर डिशच्या तबकड्या उगवायला लागल्याचे होते. आम्हाला घर मिळालं राजवाड्यामागच्या एका बोळात. तिथे पहिल्याच सकाळी शेजारून मराठी ऐकू आलं तेव्हा मी हातातलं दूध ठेवून भिंतीला कान लावला. मराठीच होतं, पण आपलं नव्हे. जुन्या पोथीतलं वाटावं असं, वर तमिळ हेलाचं. "रावजी, पिशवी कोठें ठेवलांत? आंत रॅपर होतं की!" असं कोणीतरी नवऱ्याला दरडावत होतं. त्या जमनाक्का. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या घराण्याला तंजावरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. बोलणं मराठी, हिशेब तमिळ, आणि देवनागरीतली माझी मासिकं त्या फक्त चित्रांसाठी चाळायच्या. चित्रांसाठी म्हणजे कापण्यासाठी.

आता माझंही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाशिकला रुखवत म्हटलं की आमच्या भागात मला बोलावणं असे. कागदी गुलाब, मोत्यांची तुळस, सुपारीचे भटजी, सगळं माझ्या हातचं. महिला मंडळाची बक्षिसं होती. विशेषतः माझा गुलाब. क्रेप कागदाच्या पाकळीची कड मी विणायच्या सुईवर अशी वळवायची की ती उजवीकडे झुकून आत दुमडायची. लोक हात लावून बघत. असल्या माणसाला नव्या गावात वाटतं तसं मलाही वाटलं होतं, की या लोकांना जरा काहीतरी दाखवू या.

मग नवरात्र आलं. तिकडे नवरात्रात घरोघरी कोलु मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात, एखादं गाणं म्हणतात आणि उसळीचा द्रोण घेऊन परततात. जमनाक्कांच्या बाहुल्या चारचौघींसारख्याच होत्या. पण पायऱ्यांच्या खाली, जमिनीवर, त्यांनी देवळाचं तळं आणि तेप्पाचा, म्हणजे देवाला तराफ्यात बसवून तळ्यात फिरवायचा, उत्सव मांडला होता. पाणी सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचं, लाटा चमच्याच्या पाठीने ओढलेल्या. तराफा लग्नपत्रिकांचा. तराफ्यावर देव, देवावर जरीची छत्री, काठावर नारळाची झाडं, आणि त्या झाडांच्या झावळ्या गोळ्यांच्या हिरव्या कागदाच्या. इतक्या बारीक कातरलेल्या, की पंखा लावला की हलत. शंभरेक माणसं काठावर बसलेली, आणि प्रत्येकाचं अंगवस्त्र वेगळं.

मी उसळ खाल्ली, पण ती कशाची होती ते आठवत नाही. माझ्या पोटात दुखत होतं. उगाच सभ्य शब्द कशाला शोधायचे, मला हेवा वाटला. नुसता कौतुकाचा वगैरे नव्हे, चांगला जळजळीत. घरी येऊन मी माझा बक्षीसवाला गुलाब काढला, बघितला आणि परत डब्यात घातला.

दुसऱ्या दिवशी जमनाक्का माझ्याकडे आल्या. मीही हौसेने छोटा कोलु मांडला होता. त्या कोणाच्याही घरी गेल्या की हात पाठीमागे बांधून सगळं बघत. एखादा साहेब कचेरीची तपासणी करतो तसं. मग त्यांचा निकाल यायचा, आणि तो निकाल गल्लीत सगळ्यांना पाठ होता. नुसतं "बेश" म्हणाल्या तर चांगलं झालंय. "बेशच आहे" म्हणाल्या तर समजायचं की खोट सापडली आणि आता ती सांगणार. नुसतं बेश ऐकलेली बाई गल्लीत एकही नव्हती.

त्या माझ्या गुलाबांसमोर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. वाकून एका पाकळीची कड नखाने उचलून पाहिली.

"बेशच आहे," त्या म्हणाल्या. "पण हें विकत घेतलेलं कागद. विकत घेतलं तर कोणीपण करेल."

मी दार लावलं आणि नवऱ्यावर ओरडले. बिचारा नुसता पेपर वाचत होता.

विकत घेतलेल्या वस्तूवर जमनाक्कांचा राग होता. त्या गोळा करत. लग्नाला जायच्या त्या नवरानवरीला बघायला नव्हे, भेटवस्तूंची वेष्टनं उकलताना जवळ असावं म्हणून. एकदा तर नवरदेव सोनेरी कागदात बांधलेली भेट छातीशी धरून फोटोला उभा होता आणि यांनी मागून हळूच चिकटपट्टी सोडवायला घेतली. तो दचकून वळला. "फाडूं नको रे बाबा, मणून सांगायला आल्यें," या शांतपणे म्हणाल्या. रावजी शिधापत्रिकांच्या कचेरीत होते. सुपारीचं खांडही न खाणारा तो माणूस, पण संध्याकाळी येताना चहाच्या टपरीवरून सिगारेटची रिकामी पाकिटं वेचून आणायचा. बायको दारातच त्याचे खिसे तपासायची. चांदी निघाली की चमच्याने घासून सपाट करायची आणि रंगाप्रमाणे डब्यात घालायची. डबे ट्रंकेत. ट्रंकेला कुलूप. घरात कोणी काही टाकायला निघालं की आतून हाक यायची, "फेकूं नको, बघूं!"

बसस्टँडजवळ एक फॅन्सी स्टोअर निघालं, तेव्हा आम्हा बायकांना स्वर्ग दोन बोटं उरला. तयार तोरणं, प्लॅस्टिकची फुलं, चिकटवायच्या टिकल्या, काय नव्हतं! जमनाक्का दर आठवड्याला तिथे जात, प्रत्येक नवी वस्तू उलटीपालटी करत, किंमत विचारत, "येवढं?" म्हणत आणि हात हलवत परत येत. चार दिवसांनी तेच तोरण त्यांच्या दारावर, दुधाच्या पिशव्यांचं. आणि दुकानातल्यापेक्षा चांगलं, हे मला तोंडाने म्हणावं लागलं नाही तरी दिसत होतं. शेवटी दुकानदार त्यांना लांबून बघूनच नवा माल काउंटरखाली सरकवायला लागला. मी तिथे असताना हे घडलं आणि मला त्या दुकानदाराबद्दल बंधुभाव वाटला.

त्या डावऱ्या होत्या. कुंकू लावणं, जेवण, देणंघेणं सगळं उजव्या हाताने, पण कात्री डाव्यात. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून कापायला बसत. मंगलकार्याच्या वस्तू डाव्या हाताने करू नयेत, असं एका म्हाताऱ्या मामींनी त्यांना सुचवलं होतं म्हणे. "कागदाला कोठें कळतंय, मामी?" एवढंच त्या म्हणाल्या. आणि तरी तंजावरच्या मराठी घरांतली लग्नाची ताटं वर्षानुवर्षं त्याच करत होत्या. वरपक्षाला द्यायच्या वस्तू ताटांत सजवून मांडायची तिथली रीत. आमच्या रुखवताची बहीणच म्हणा. ते काम म्हणजे जमनाक्कांचं गावातलं स्थान होतं.

त्यांना मूल नव्हतं. पापनाशमला शाळामास्तर असलेल्या भावाची मुलगी, मालिनी, आई गेल्यापासून यांच्याकडेच वाढलेली. कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, मराठी समजायची सगळं पण बोलायची थोडं, आणि माझ्याकडे येऊन माझी मासिकं आत्यापासून वाचवायची. तिचं लग्न ठरलं मद्रासच्या मुलाशी. तोही कॉम्प्युटर कंपनीतला. एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी घुटमळत म्हणाली, "मामी, ताटं तुम्ही करता?"

"आणि आत्या?"

"आत्या चॉकलेट पेपरनं करते. ते लोक मद्रासचे. काय मणतील?" मग खाली बघून, "तुमचं रोज, ते गुलाबाचं फूल, मला फार आवडतं."

माझ्या मनात लाडू फुटले. एक नाही, डबाभर. खरं म्हणजे मी "आधी आत्याला विचार" असं म्हणायला हवं, असं एखादी म्हणेल. मी "रंग कुठला हवा?" असं विचारलं.

जमनाक्कांना कळलं त्या दिवसापासून मागच्या चौकात माझ्या ओट्यासमोर उघडणारी त्यांची खिडकी बंद झाली. दूधवाल्याला त्यांनी सांगितलं की तिकडे आधी जा, आमचं काय, आम्ही जुने. रावजी बोळात भेटले की आकाशाकडे बघत. मालिनी दोन्ही घरांत रडवेल्या तोंडाने फिरायची. आणि मी? मी मजेत होते. बहिणीला लिहून नाशिकहून रक्तासारखा लाल क्रेप मागवला आणि कामाला बसले.

त्या ताटांत मुख्य असतो तो कोन, हातभर उंचीचा. परुप्पुतेंगाय म्हणतात. पूर्वी पत्र्याच्या साच्यात गुळाचं डाळं थापून करत. आता पुष्कळ घरी नुसता पोकळ कोन करून, आत गोळ्या-चॉकलेटं भरून, बाहेरून सजवतात. तंजावरला मी लग्नांना जायची ती बँकेच्या ओळखीची, जेवणाच्या वेळेला पोचायचं आणि पानसुपारी घेऊन निघायचं. त्यामुळे कोन मी जवळून एकच पाहिला होता. जमनाक्कांच्या काचेच्या कपाटात, त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. पत्र्याचा, वर विटलेला गुलाबी कागद आणि खऱ्या जरीची वेलबुट्टी. तो तिथे एकटा दिमाखात उभा असे. मी त्याच्याहून सुंदर करायचा ठरवला. पुठ्ठ्याचा कोन, आणि बुडापासून टोकापर्यंत लाल पाकळ्या, प्रत्येक उजवीकडे वळलेली, कडेला सोनेरी रेघ. झाला तेव्हा मी स्वतःच त्याच्याभोवती फिरून फिरून पाहत होते. क्रेपचा तुकडा उरला नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात ताटं मांडली. संध्याकाळी वरपक्ष यायचा होता. बायका येऊन बघत होत्या, वा वा म्हणत होत्या. मधोमध माझा कोन. जमनाक्का सगळ्यांत शेवटी आल्या. हात पाठीमागे. नारळ पाहिला, हळकुंडांची जोडी पाहिली, पानांची मोटारगाडी पाहिली. कोनाशी आल्या आणि थांबल्या.

"दुसरा कोठें?"

"दुसरा काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहणं मी पुन्हा कोणाचं सोसलं नाही. "नवरा एक, नवरी एक," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कोन दोन असतात ग. जोडीनं. लग्न झालं की एक त्यांच्या घरीं, एक आपल्या. एकटा कोन लग्नांत ठेवतीस?"

म्हणजे कपाटातला तो कोन एकटा होता कारण त्याचा जोडीदार पापनाशमच्या माहेरी राहिला होता. इतका वेळ वा वा म्हणणाऱ्या बायकांना वाटलं असणार, दुसरा अजून यायचाय. संध्याकाळी वरपक्षातल्या म्हाताऱ्या तो एकटा कोन बघणार, आणि आई नसलेल्या पोरीच्या लग्नाला अपशकुन म्हणून जन्मभर बोलणार. मालिनी लांबून आमच्याकडे बघत होती.

जमनाक्कांनी नुसता आवाज चढवला असता तर माझं त्या गावातलं नाक कापलं गेलं असतं. त्यांनी माझा कोन उचलला, पदराखाली घेतला आणि कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जरा टोक नीट करून आणत्यें." मग मला, "चल."

घरी त्यांनी ट्रंक उघडली. तीन वर्षं जिची मी स्वप्नं पाहिली ती ट्रंक. एकट्या लालचेच कितीतरी डबे. फटाक्यांच्या माळेचा लाल, मिठाईच्या पेटीतला लाल, कुठल्याशा साडीच्या खोक्यातला. त्या एकेक कागद माझ्या पाकळीशेजारी खिडकीत धरत होत्या. एक पातळ कागद जुळला, पण तो गुळगुळीत होता. त्यांनी तो ओलसर केला, लाटण्याला गुंडाळला आणि दोन्ही बाजूंनी दाबत आणला. सोडवला तर अंगभर बारीक चुण्या. गच्चीवरच्या उन्हात तो बघता बघता वाळला. विकतच्या क्रेपपेक्षा मऊ होता. माझ्या पोटात पुन्हा तीच जुनी कळ आली, त्या संकटातसुद्धा.

"आतला कोन कशाचा करायचा, अक्का? पुठ्ठा वाळायला वेळ..."

त्यांनी काचेचं कपाट उघडलं. स्वतःच्या लग्नातला कोन काढला आणि माझ्यादेखत त्यावरचा गुलाबी कागद ओरबाडला. जरीची वेलबुट्टी तेवढी सोडवून बाजूला ठेवली. मी "अहो, अहो" करत पुढे झाले.

"पोदुम," त्या म्हणाल्या. बस झालं. "कात्री दे."

मी कात्री दिली. त्या दिवशी मी फक्त खळ ढवळली आणि कात्री दिली. त्यांनी माझी सुई मागितली नाही, चमच्याच्या दांड्यावर पाकळ्या वळवल्या. डाव्या हाताने. त्यामुळे त्यांच्या सगळ्या पाकळ्या डावीकडे झुकल्या. कडेला सोनेरी रेघ हवी तिथे त्यांनी आपली जर लावली.

कार्यालयात दोन्ही कोन शेजारी ठेवले तेव्हा मला दिसलं. माझा उजवीकडे वळलेला, त्यांचा डावीकडे. दोघांनी एकमेकांकडे मान वळवावी तसे ते दिसत होते. वरपक्षातल्या म्हाताऱ्या आल्या आणि पहिली थांबली ती तिथेच. "कुणी केलं हे? जोडी बघा!" मालिनीने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्या माझ्याभोवती जमल्या. मी दोनदा तोंड उघडलं, पण जमनाक्का खांबाशी उभ्या राहून डोळ्यांनीच मला दटावत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मोठेपणा वगैरे काही नव्हता. त्या जळत होत्या, चांगल्या जळत होत्या, आणि तरी मुलीच्या लग्नात शब्द काढू देत नव्हत्या.

लग्नानंतर एक कोन मद्रासला जायचा होता. जमनाक्कांनी आपला उचलला आणि मालिनीच्या ओटीत दिला. "हा ने. आंत पत्रा आहे, मोडणार नाही." माझा त्यांनी आपल्याकडे ठेवला. झालं, मी मनात म्हटलं. यांचा जाणार मद्रासच्या दिवाणखान्यात, चार लोक बघणार. माझा बसणार यांच्या कुलपात.

चौकातली खिडकी काही उघडली नाही. दोनेक महिन्यांत आमच्या बदलीचा हुकूम आला. सामान ट्रकवर चढलं, रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी होती आणि नवरा हाका मारत होता. तरी निरोप घ्यायला मी त्यांच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. दाराशेजारची खिडकी उजेडासाठी अर्धी उघडी होती, आणि काचेचं कपाट रिकामं दिसलं.

जमनाक्का जमिनीवर बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्र, त्यावर माझा कोन, पूर्ण उकललेला. पाकळ्या सोडवून ओळीने मांडल्या होत्या. मांडीवर नवा लाल कागद. बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, पण उजव्या हाताच्या. चमचा उजव्या हातात होता. तो हात त्यांना ऐकत नव्हता. पाकळी वळवताना त्यांची जीभ दातांत आली होती. कागद फाटला. त्यांनी तो तुकडा टाकला नाही, शेजारच्या डब्यात घातला आणि दुसरी पाकळी घेतली.

कड जरा दमट करून सुईवर ओढली की होतं. एवढंच आहे त्यात. एका वाक्यात सांगता आलं असतं. माझी सुई ट्रंकेत बांधली गेली होती, आणि बाहेर असती तरी मी ती खिडकीतून आत दिली असती, असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

पुढची पाकळी फाटली नाही. कड हळूहळू वळली, उजवीकडे झुकली, आत दुमडली. जमनाक्कांनी ती उजेडात धरली. मी चटकन भिंतीआड झाले.

"बेश," त्या म्हणाल्या. नुसतं बेश. पुढे काही नाही.

तीन वर्षं ज्या शब्दासाठी मी झुरले तो शेवटी ऐकला, आणि तोही बाईने स्वतःलाच म्हटलेला. रिक्षात बसल्यावर नवऱ्याने विचारलं, भेटल्या का. मी म्हटलं, कामात होत्या.